दारावरची बेल, खिशातला फोन

इथे बसलेल्यांपैकी बऱ्याच जणांचा इलेक्ट्रॉनिक्सशी कधी संबंध आलेला नाही, असं मला आधीच सांगण्यात आलं आहे. उत्तम! आजचं व्याख्यान त्यांच्याचसाठी आहे. दारावरचं बटण दाबलं की फोनवर निरोप यावा, अशी बेल घरच्या घरी, चारशे-पाचशे रुपयांत कशी करायची, हा आजचा विषय. पण सुरुवात करतो माझ्या एका फजितीपासून.

माझी आत्या सांगलीला राहते. वय ७८, घरात एकटी, आणि कानाने बरंच कमी ऐकू येतं. कानाचं मशीन आहे, पण घरात असली की ती ते काढून ठेवते. म्हणते, "अरे, स्वतःच्या घरात तरी तो काच कशाला?" मग व्हायचं काय, गॅसवाला यायचा, बेल वाजवायचा, दोन मिनिटं थांबायचा आणि निघून जायचा. म्हणून मी तिला एक बेल करून दिली. बटण दाबलं की तिचा फोन थरथरायचा आणि त्याच वेळी मला पुण्यात निरोप यायचा. आत्या खूश, मी त्याहून खूश. दोन महिने सगळं छान चाललं.

मग एके दिवशी नेटवाल्यांचा माणूस येऊन राउटर बदलून गेला. राउटर नवा, त्याचा पासवर्डही नवा. बेलला तो कोण सांगणार? नऊ दिवस बेल मुकी होती आणि आम्हा दोघांनाही पत्ता नव्हता. कारण बेल वाजली नाही की आपण काय समजतो? कोणी आलं नाही! त्या नऊ दिवसांत पोस्टमन दोनदा रजिस्टर पत्र घेऊन येऊन गेला. पत्र तिच्या पेन्शनच्या कामाचं होतं. ते परत गेलं. पोस्टमनने दाराच्या फटीतून सरकवलेली चिठ्ठी नंतर चपलांच्या कपाटाखाली सापडली. ते काम पुन्हा मार्गी लागायला चार महिने गेले.

तेव्हा आज मी दोन गोष्टी सांगणार आहे. एक, बेल कशी करायची. आणि दुसरी, जी मला नऊ दिवसांनी कळली: निरोप पाठवणं सोपं आहे, निरोप गेला नाही हे कळण्याची सोय करणं, हे खरं काम.

आधी एक इशारा

आपल्याकडच्या बहुतेक घरांत दाराबाहेरच्या बेलच्या बटणापर्यंत थेट २३० व्होल्टची तार आलेली असते. अमेरिकेत सहसा ट्रान्सफॉर्मर लावून ती बेल १६ व्होल्टच्या आसपास चालवतात. त्यामुळे इंटरनेटवर तिकडचा एखादा माणूस जुन्या बेलच्या तारा उघडून त्यात आपला बोर्ड जोडताना दिसला, तर त्याची नक्कल इथे करू नका. बोर्ड तर जळेलच, पण जिवावरही बेतेल. जुन्या बेलला हातच लावायचा नाही. आपलं बटण वेगळं, आपली तार वेगळी, आणि त्या तारेत पाच व्होल्टच्या वर काही नाही. जुनं बटण काढायचंच असेल तर ते काम वायरमनकडून करून घ्या.

सामान काय लागतं

मुख्य वस्तू म्हणजे एक छोटा बोर्ड. दुकानात 'नोडएमसीयू' म्हणून मागा. त्याच्यावर ईएसपी८२६६ नावाची चिप असते. शांघायच्या एस्प्रेसिफ कंपनीची ही चिप २०१४ मध्ये बाजारात आली आणि हौशी मंडळींचं जगच बदललं. कारण वाय-फाय आणि छोटासा संगणक, दोन्ही एकाच चिपमध्ये, तेही मिसळपावाच्या दोन-तीन प्लेटच्या किमतीत. पुण्यात बुधवार पेठेत, मुंबईत लॅमिंग्टन रोडवर तो सहज मिळतो.

बाकीचं सामान किरकोळ. पाच व्होल्टचा एक बझर; 'ॲक्टिव्ह बझर' असं सांगून घ्या, म्हणजे वीज दिली की तो आपोआप वाजतो. बेलचं साधं बटण. तीन पदरी तार, दारापासून बोर्डापर्यंत पुरेल इतकी. १एन५८१९ नंबरचा एक डायोड. ४.७ किलोओहमचा एक रेझिस्टर आणि ४७० ओहमचा एक. ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर. त्याच्यावर १०४ असं छापलेलं असतं. एक हिरवा एलईडी. आणि घरात पडून असलेला मोबाईलचा जुना चार्जर आणि बोर्डाला बसेल अशी यूएसबी केबल. बस्स.

बोर्ड घराच्या आत ठेवायचा, बाहेर फक्त बटण आणि एलईडी. याला दोन कारणं आहेत. लोखंडी सेफ्टी डोअर आणि काँक्रीटच्या भिंतीपलीकडे वाय-फाय दुबळं होतं, हे एक. दुसरं कारण जास्त महत्त्वाचं. तुमच्या वाय-फायचा पासवर्ड त्या बोर्डाच्या मेमरीत साठवलेला असतो आणि जाणकाराला तो वाचता येतो. बोर्ड बाहेर लावणं म्हणजे किल्ली पायपुसण्याखाली ठेवण्यासारखंच आहे.

घंटा आधी, मोबाईल नंतर

विजेच्या घंटेमागची कल्पना जुनी आहे. १८३१ मध्ये अमेरिकेत ऑल्बनी इथे जोसेफ हेन्री यांनी मैलाहून लांब तारेतून वीज पाठवून दुसऱ्या टोकाची घंटा वाजवून दाखवली होती. दाबलं की वर्तुळ पूर्ण, वीज वाहते, घंटा वाजते. मध्ये कोणी विचार करणारं नाही, म्हणून मध्ये कोणी विसरणारंही नाही. हे तत्त्व आपण टिकवायचं आहे.

माझ्या पहिल्या बेलमध्ये चूक अशी होती, की सगळा कारभार बोर्डाच्या हाती होता. बोर्ड अडकला की घंटाही गेली, निरोपही गेला. आता नवी जोडणी ऐका. बझरचं एक टोक पाच व्होल्टला. दुसरं टोक दारावरच्या बटणाला. बटणाची दुसरी बाजू ग्राउंडला. बटण दाबलं की बझर वाजला. यात बोर्डाच्या प्रोग्रामचा काडीचा संबंध नाही. नेट गेलं, पासवर्ड बदलला, प्रोग्राम अडकला, तरी घरात आवाज होणारच.

आता बटण दाबल्याची बातमी बोर्डाला कशी द्यायची? इथे एक अडचण आहे. बटण मोकळं असतं तेव्हा त्या तारेवर, बझरमधून आलेले, पाच व्होल्ट असतात. बोर्डाच्या पिनला ३.३ व्होल्टच चालतात. म्हणून मध्ये डायोड घालायचा. डायोड म्हणजे वीज एकाच दिशेने जाऊ देणारा एकेरी रस्ता. त्याचं पट्टी असलेलं टोक बटणाच्या तारेला आणि दुसरं टोक बोर्डाच्या डी५ पिनला. याच डी५ ला ४.७ किलोओहमच्या रेझिस्टरमधून ३.३ व्होल्ट द्यायचे. बटण मोकळं असताना डायोड पाच व्होल्टना अडवतो, पिनवर ३.३ व्होल्ट राहतात. बोर्ड म्हणतो, 'एक'. बटण दाबलं की तार ग्राउंडला टेकते, डायोड पिनलाही खाली ओढतो. बोर्ड म्हणतो, 'शून्य'. एकाचं शून्य झालं म्हणजे दारात कोणीतरी आलं.

पिन डी५ च का? डी३, डी४ आणि डी८ या पिना बोर्ड सुरू होताना स्वतःच तपासून बघतो. समजा तुम्ही बटण डी३ ला जोडलं, वीज गेली होती ती परत आली, आणि नेमकं त्याच क्षणी कोणी बटण दाबून उभं आहे. मग बोर्डाला वाटतं, नवीन प्रोग्राम भरायचा आहे, आणि तो वाट बघत बसतो. बेल बंद! आणि वीज आल्या आल्याच लोक बेल वाजवतात, हे आपल्याला माहीत आहेच.

अजून एक गंमत. पहिल्या बेलला हा बाहेरचा रेझिस्टर नव्हता. बोर्डाच्या आतल्या रेझिस्टरवर मी काम भागवलं होतं. तो फार दुबळा असतो. दारापर्यंतची लांब तार मग अँटेनासारखी वागते. फ्रीजचा कॉम्प्रेसर सुरू झाला की त्या तारेत झटका बसायचा आणि बोर्डाला वाटायचं, बटण दाबलं. रात्री दोन वाजता फोन थरथरला, आत्याने दार उघडलं, बाहेर कोणी नाही. सलग तीन रात्री! चौथ्या दिवशी तिचा फोन: "अरे, तुझी ही बेल भुतं वाजवतात की काय?"

उपाय तीन. बाहेरचा रेझिस्टर. डी५ आणि ग्राउंडमध्ये तो १०४ नंबरचा कपॅसिटर, जो बारीक झटके पिऊन टाकतो. आणि प्रोग्राममध्ये अट, की पिन सलग ५० मिलिसेकंद शून्यावर असेल तरच बटण दाबलं असं समजायचं. माणसाचं बोट कितीही घाईत असलं तरी सहसा त्याहून जास्त वेळ टेकतं. फ्रीजचा झटका तेवढा टिकत नाही.

निरोपाचा प्रवास

आता फोनकडे येऊ. बोर्ड तुमच्या फोनला थेट हाक मारू शकत नाही. तुमचा फोन मोबाईल कंपनीच्या जाळ्यात आत कुठेतरी असतो. बाहेरून त्याला थेट गाठता येत नाही. म्हणून फोन उलट करतो. तो स्वतःच गूगल किंवा ॲपलच्या सर्व्हरशी एक धागा जोडून ठेवतो, आणि निरोप त्या धाग्यावरून येतो. आपल्याला एक मध्यस्थ लागतो, जो आपल्या बोर्डाचं ऐकेल आणि फोनपर्यंत पोचवेल.

मी टेलिग्राम वापरलं. त्यात 'बॉटफादर' नावाचं एक खातं आहे. त्याला 'न्यूबॉट' ही आज्ञा पाठवली की तो दोन-चार प्रश्न विचारून तुम्हाला एक बॉट तयार करून देतो आणि एक लांबलचक टोकन देतो. हे टोकन म्हणजे किल्ली. ज्याच्या हाती ते, तो तुमच्या बेलच्या नावाने बोलू शकतो; म्हणून आपला प्रोग्राम इंटरनेटवर कुठे दाखवायचा असेल तर टोकन आधी काढून टाका. मग घरच्यांचा एक ग्रुप करा, त्यात बॉट घ्या. आमच्या ग्रुपमध्ये आत्या आहे, मी आहे आणि शेजारच्या काकू आहेत.

टेलिग्राम नको असेल तर 'एनटीएफवाय' नावाची मुक्त सेवा आहे, ती आणखी सोपी. फक्त एक विषय-नाव ठरवायचं, ॲपमध्ये तेच भरायचं. पण ते नाव ज्याला माहीत, त्याला तुमचे निरोप वाचता येतात. 'जोशीबेल' असलं नाव ठेवू नका. कोणालाही अंदाज करता येणार नाही असं लांब, अर्थहीन नाव ठेवा. तुमच्या दारात कोण कधी येतं ही माहिती चोरालाही उपयोगाचीच असते.

प्रोग्राम आर्डुइनो या मोफत सॉफ्टवेअरमधून भरायचा. तयार नमुने भरपूर मिळतात, तेव्हा इथे फक्त तर्क सांगतो. वाय-फायला जोडून घे. पिन बघत राहा. ५० मिलिसेकंद शून्य दिसलं की निरोप पाठव. पुढचे दहा सेकंद नवीन निरोप पाठवू नको, कारण लहान मुलं बटण एकदा दाबून थांबत नाहीत. वाय-फाय तुटलं तर पुन्हा जोडायचा प्रयत्न कर. आणि एक लक्षात ठेवा, या चिपला वाय-फायचा फक्त २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा कळतो. राउटरवर फक्त पाच गिगाहर्ट्झ चालू असेल तर तिला तो दिसणारच नाही.

पाठवला, पोचला, कळला

आता मुख्य मुद्दा. पाठवला, पोचला आणि कळला, या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. आपण गडबडीत तिन्ही एकच समजतो.

पहिली पायरी, पाठवला. निरोप मिळाला की टेलिग्रामचा सर्व्हर बोर्डाला 'ठीक' असं उत्तर देतो. बहुतेक जण या उत्तराकडे बघतही नाहीत. मी त्याचा उपयोग केला. बटणाशेजारी तो हिरवा एलईडी लावला. डी६ पिनपासून ४७० ओहमच्या रेझिस्टरमधून तारेचा तिसरा पदर त्याच्याकडे जातो. सर्व्हरचं 'ठीक' आलं तरच तो दिवा पंधरा सेकंद लागतो. खाली पाटी लावली: 'हिरवा दिवा लागला तर कृपया थांबा, निरोप गेला आहे. दिवा लागला नाही तर शेजारी सांगा.' दिवा लागायला दोन-तीन सेकंद लागतात. पण बाहेर उभ्या माणसाला काहीतरी उत्तर मिळतं, आणि उत्तर मिळालं की माणूस थांबतो. गॅसवाला आता थांबतो.

दुसरी पायरी, पोचला. सर्व्हरने 'ठीक' म्हटलं तरी फोनपर्यंत निरोप जाईलच असं नाही. बॅटरी वाचवण्यासाठी बरेच अँड्रॉइड फोन ॲप झोपवतात. सेटिंगमध्ये जाऊन टेलिग्रामवरचं बॅटरीचं बंधन काढून टाका. 'डू नॉट डिस्टर्ब'मधून त्या ग्रुपला सूट द्या. ग्रुपला वेगळा आवाज आणि लांब थरथर ठेवा, नाहीतर बेल आणि 'शुभ सकाळ'चं फुलाचं चित्र यांत फरक कळणार नाही.

तिसरी पायरी, कळला. फोन दुसऱ्या खोलीत चार्जिंगला असेल तर? म्हणून निरोप एकालाच न जाता तिघांना जातो. आत्याने 'बघते' असं लिहिलं नाही, तर काकू गॅलरीतून डोकावतात. यात इलेक्ट्रॉनिक्स काही नाही, पण ही पायरी काकूंशिवाय पूर्ण होत नाही.

आणि आता ते नऊ दिवस. मुकी बेल ओळखायची कशी? याचं उत्तर रेल्वेने फार पूर्वी शोधलं. १८७२ मध्ये विल्यम रॉबिन्सन यांनी अमेरिकेत रुळांच्या विद्युतमंडलाचं पेटंट घेतलं. त्यात रुळांमधून वीज सतत वाहत असते. गाडी आली की ती वीज सिग्नलपर्यंत पोचत नाही आणि सिग्नल धोक्यावर जातो. पण रूळ तुटला, तार तुटली किंवा बॅटरी संपली, तरीही सिग्नल धोक्यावरच जातो. म्हणजे बिघाड झाला की तो आपोआप दिसतो. आपली बेल नेमकी उलटी आहे: ती बिघडली की सगळं शांत, आणि शांतता म्हणजे सगळं ठीक असं आपण समजतो.

म्हणून बेलची हजेरी घ्यायची. 'हेल्थचेक्स' नावाची एक सेवा आहे. बोर्ड तिला दर दहा मिनिटांनी 'हजर' म्हणतो. ठरलेल्या वेळात 'हजर' आलं नाही, तर ती सेवा मला कळवते. शाळेत मास्तर हेच करायचे. गैरहजर मुलगा स्वतः येऊन सांगत नाही. मी सवलत तीन तासांची ठेवली आहे, नाहीतर वीज गेली की दरवेळी मला धडकी भरायची. ही सोय फुकट झाली आणि प्रोग्राममध्ये सात-आठ ओळी वाढल्या. त्या पहिल्याच दिवशी लिहिल्या असत्या, तर ते पत्र परत गेलं नसतं.

काही प्रश्न

प्रश्न: चार्जरऐवजी सेलवर चालेल का?

उत्तर: ही चिप गाढ झोपेत असली तर फारच कमी वीज घेते, पण या तयार बोर्डावरचे इतर भाग घेतच राहतात. शिवाय झोपेतून उठून वाय-फायला जोडायला काही सेकंद जातात, आणि झोपलेली बेल दर दहा मिनिटांनी हजेरीही देणार नाही. दाराजवळ प्लग असेल तर चार्जरच बरा.

प्रश्न: वीज गेली तर?

उत्तर: राउटरसाठी मिळणारा छोटा यूपीएस घ्या. पाच व्होल्टची जागा असलेला घेतलात तर बोर्डही त्यावरच चालतो. पॉवर बँक वापरताना जपून. भार कमी दिसला की काही पॉवर बँक आपण होऊन बंद पडतात. आणि आत्याकडे जुनी २३० व्होल्टची बेल आम्ही काढलेली नाही. ती तिच्या जागी आहे.

प्रश्न: एवढं करण्यापेक्षा कॅमेऱ्याची तयार बेल का घेऊ नये?

उत्तर: जरूर घ्या, चेहरा बघायचा असेल तर तीच हवी. पण घेताना दुकानदाराला एक प्रश्न विचारा: ही बंद पडली तर मला कसं कळेल? त्याचं उत्तर मिळाल्यावरच पैसे द्या. आत्याला मी विचारलं होतं, कॅमेरा लावू का? ती म्हणाली, "कोण आलंय ते मी दार उघडून बघेन. आलंय एवढं कळलं की झालं."